‘सगळं छान आहे’चं काय करायचं?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. तू मूळची नागपूरची, कॅनडातल्या ऑन्टॅरिओत सोशल वर्कमध्ये मास्टर्स करतेस. प्रबंधाचा विषय असा: नव्यानं आलेल्या मराठी माणसांचं इथं बस्तान कसं बसतं, त्यांना आपलेपणा वाटतो का आणि वर्णभेदाचा अनुभव येतो का. पद्धत समुदायाधारित संशोधनाची. अकरा मुलाखती झाल्या आणि त्यातले नऊ जण म्हणाले, "सगळं छान आहे, रेसिझम वगैरे आम्हाला तरी कधी जाणवला नाही." आता माणसं बदलावीत, मुलाखती सोडून दोनशे जणांचा सर्व्हे काढावा, की 'लक्षणीय वर्णभेद आढळला नाही' असं लिहून पदवी घ्यावी, असं तू विचारतेस.

तिन्ही नको. मी गेली एकोणीस वर्षं टोरोंटोच्या पश्चिमेकडच्या एका शहरात नव्यानं आलेल्या माणसांबरोबर काम करते, आधी सेटलमेंट वर्कर, म्हणजे नवागतांना बस्तान बसवायला मदत करणारी, म्हणून आणि नंतर संशोधनाच्या बाजूनं. (सासरे होते तोवर त्यांची समजूत होती की सून कोर्टाबाहेर मांडवल्या करून देते. सेटलमेंट म्हटलं की आपल्याकडे दुसरं काय डोळ्यांपुढे येणार!) 'सगळं छान आहे' हे वाक्य मी पंजाबीत ऐकलंय, अरबीत दुभाष्यामार्फत ऐकलंय आणि मराठीत तर मोजदाद नाही. ते ऐकलं की मी वहीत त्या नावापुढे लिहिते, 'पुन्हा भेटणे'.

त्या नऊ जणांनी तुला फसवलेलं नाही. पाहुणीला द्यायचं ते उत्तर त्यांनी दिलं. मंडळाच्या संक्रांतीत तुझी ओळख झाली, कुणीतरी फोन नंबर दिला, तू त्यांच्या घरी गेलीस, पोहे झाले, चहा आला आणि बशीशेजारी तू रेकॉर्डर ठेवलास. मग विचारलंस, तुम्हाला इथं वर्णभेद जाणवतो का? 'हो' म्हणायचं तर फ्लॅट विकून, आईवडिलांना मागं ठेवून इथं येण्याचा निर्णय चुकला, असं एका अनोळखी पोरीपुढं कबूल केल्यासारखं होतं. त्यात पोरगी नागपूरची. महाल भागातल्या मावशीच्या कानावर जायला किती वेळ लागतो?

सर्व्हेनं हे सुटेल असं तुला वाटतंय, म्हणून दोन आकडे शेजारी ठेवून बघ. कॅनडाच्या सांख्यिकी खात्याच्या २०१३च्या जनरल सोशल सर्व्हेत ९३ टक्के स्थलांतरितांनी सांगितलं की कॅनडाबद्दल त्यांना पक्का किंवा फार पक्का आपलेपणा वाटतो. त्याच्या दोनच वर्षं आधी, २०११मध्ये, टोरोंटो विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ फिलिप ओरिओपोलस यांचा एक प्रयोग छापून आला होता. नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सुमारे १३,००० बनावट बायोडेटा पाठवले. शिक्षण आणि अनुभव तोच ठेवून वरचं नाव बदललं तरी इंग्रजी नावांना भारतीय, पाकिस्तानी आणि चिनी नावांपेक्षा ठळकपणे जास्त फोन आले. आता ज्याचा फोन वाजलाच नाही, त्याला तो का वाजला नाही हे कुणी सांगायचं? तो तुझ्या सर्व्हेत 'वर्णभेद जाणवला नाही' यावरच खूण करणार, आणि मनापासून करणार. म्हणजे दोनशे जणांना विचारलंस तर दोनशे वेळा 'छान' मिळेल, फक्त टक्केवारीत.

तुझ्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. बस्तान, आपलेपणा आणि वर्णभेद हे तुझ्या प्रबंधाचे तिन्ही प्रश्न पहिल्या मुलाखतीच्या आधीच ठरलेले होते. तू ते मार्गदर्शकांबरोबर बसून ठरवलेस, एथिक्स बोर्डाकडून मंजूर करून घेतलेस आणि मग माणसं शोधलीस. माणसं एका समाजाची आहेत म्हणून संशोधन समुदायाधारित होत नाही. विषय कुठला, तो का, आणि उत्तर मिळाल्यावर त्याचं काय करायचं, या तिन्हींत त्या माणसांचा हात लागतो.

हे काही कॅनडानं शोधून काढलेलं नाही. १९७०च्या दशकात कोलंबियात ऑर्लांडो फाल्स बोर्दा, टांझानियात आणि मग टोरोंटोत बड हॉल, १९८२पासून दिल्लीत 'प्रिया' ही संस्था उभी करणारे राजेश टंडन, अशा बऱ्याच जणांनी हा विचार घडवला. आणि त्याच सत्तरच्या दशकात आपल्या पालघरात भूमिसेना उभी राहिली होती. काळूराम धोदडे यांचं नाव तू ऐकलं असशील. जमिनीसाठी आणि वेठबिगारीविरुद्ध लढणाऱ्या तिथल्या आदिवासींनी स्वतःच्या परिस्थितीचा विचार स्वतः बसून कसा केला, यावर बांगलादेशचे अर्थतज्ज्ञ अनिसुर रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं. मी मुंबईत शिकले, पण हे मला कळलं ते टोरोंटोतल्या एका वाचनयादीतून. लाजच वाटली.

आता माझ्याच हातून काय झालं ते सांगते. २०१५-१६च्या हिवाळ्यात २५,००० सिरियन निर्वासित कॅनडात आले, त्यातली काही कुटुंबं आमच्या शहरात होती. नवागतांचं बस्तान, आपलेपणा आणि वर्णभेद या विषयावर आम्हाला निधी मिळाला होता. शब्द जवळपास तुझेच. इंग्रजी शिकवणाऱ्या लिंकच्या वर्गातल्या बारा बायकांना आम्ही लायब्ररीच्या खोलीत बोलावलं. दोन मराठी, चार पंजाबी, एक गुजराती, तीन सिरियन, दोन एरिट्रियाच्या. मी फळ्यावर विषय लिहिला आणि तो तीन भाषांत समजावून सांगितला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एका सिरियन आजींनी दुभाष्याला काहीतरी विचारलं. तो जरा संकोचला आणि म्हणाला, "त्या विचारतायत, हे सगळं लिहून झालं की बस लवकर येईल का?"

आम्ही हसलो. आजी हसल्या नाहीत. त्यांची सून वेअरहाऊसमध्ये दुपारच्या शिफ्टला जायची. शिफ्ट रात्री साडेअकराला सुटायची आणि त्या वेळेला बस चाळीस मिनिटांनी एक. बारापैकी सात बायकांच्या घरातलं कुणी ना कुणी त्याच पट्ट्यातल्या वेअरहाऊसमध्ये एजन्सीमार्फत कामाला होतं. पुढच्या दोन बैठकांत आमचा विषय पुसला गेला आणि फळ्यावर आला: रात्रीची शिफ्ट सुटल्यावर घरी कसं पोचायचं? निधी देणाऱ्यांना हे समजावताना माझी काय तारांबळ उडाली ती वेगळी गोष्ट आहे. पण त्या एका साध्या प्रश्नातून आपलेपणाही आला आणि वर्णभेदही, कारण घरी पोचायचं तर कुणाला फोन करता येतो, कुठल्या दारापुढे उभं राहता येतं आणि कुठल्या रस्त्यावर मान खाली घालून चालावं लागतं, हे सगळं सांगावंच लागतं.

आम्ही बसच्या मार्गांचा मोठा नकाशा भिंतीला लावला आणि तीन रंगांच्या टिकल्या वाटल्या. हिरवी म्हणजे इथं बरं वाटतं, पिवळी म्हणजे जावं लागतं म्हणून जाते, लाल म्हणजे टाळते. सांगलीकडच्या एक बाई होत्या, बँकेत हेडकॅशियर होत्या तिकडं. आदल्या महिन्यात मीच त्यांची मुलाखत घेतली होती आणि ती 'सगळं छान'वाली होती. त्यांनी लायब्ररीवर हिरवी लावली, देवळावर हिरवी लावली, कपडे धुवायच्या लाँड्रोमॅटवरही हिरवी लावली. मग लाल टिकली सोलून बोटाच्या टोकावर बराच वेळ धरून ठेवली आणि वेअरहाऊससमोरच्या बसस्टॉपवर चिकटवली.

"इथं मी उभी राहत नाही. मागच्या प्लाझाच्या दारात थांबते, बसचे दिवे दिसले की पळत येते."

का, असं मी विचारलं.

"गाडीतून कप फेकला होता. आत कॉफी होती. थंडी एवढी, की जॅकेटवर पापुद्रा धरला तिचा." आणि मग, कुणी न विचारता, "दोनदा झालं."

खोली शांत झाली तसं त्यांनीच सावरून घेतलं, "पण तसं छान आहे हो इथं. माणसं चांगली आहेत."

त्या दिवशी त्या एका स्टॉपवर सात लाल टिकल्या लागल्या. कुणी कारण सांगितलं, कुणी नाही. नकाशाचा फोटो आणि बायकांनी ठरवलेली चार वाक्यं घेऊन आम्ही महापालिकेत गेलो, त्यातल्या दोघी बोलल्या. पुढच्या हिवाळ्याआधी तिथं दिवा आणि आडोसा झाला. बस मात्र चाळीस मिनिटांनी एकच राहिली, आजींना काय सांगायचं हा प्रश्न होताच.

यातलं महत्त्वाचं काय, तर मुलाखतीत मी त्या बाईंना 'वर्णभेद' विचारला होता. हा शब्द मराठी कानाला फार मोठा आहे. वर्णभेद म्हटलं की शाळेच्या पुस्तकातलं पीटरमारिट्झबर्गचं स्टेशन आठवतं, १८९३, गांधीजींना गाडीतून उतरवलं ते. नाहीतर दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट टीमवरची बंदी. त्यापुढे कॉफीचा एक कप कोण मोजणार? माणूस प्रामाणिकपणे म्हणतो, छे, तसलं काही नाही. इंग्रजी 'रेसिझम'ची गत तीच.

आपलेपणाचंही असंच. 'तुम्हाला इथं आपलेपणा वाटतो का' हे भाषांतरित वाक्य आहे, असं मराठीत कुणी कुणाला विचारत नाही. माझी आई फोनवर विचारायची, "करमतं का गं?" बस्स. या 'करमतं का'ला माणसं खरं उत्तर देतात, बघ विचारून. 'रविवारी दुपारी नाही करमत', 'पोरगा शाळेत गेला की भिंती खायला उठतात', 'आता करमतं, पण हिवाळ्यात नाही'. वेळ, जागा, ऋतू सगळं आपोआप येतं. दुसरा शब्द 'रुळणं', तो कामाबद्दल आणि मुलांबद्दल चालतो. तिसरा मला सगळ्यात उपयोगी पडलेला, 'हक्काचं'. रात्री दोन वाजता पोराला ताप आला तर हक्कानं कुणाचं दार वाजवाल? करमणं आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छान करमत असलेल्या, दर आठवड्याला पॉटलक करणाऱ्या माणसालाही या प्रश्नावर गप्प बसलेलं मी पाहिलंय. इंग्रजी प्रश्नावलीतल्या एका 'बिलाँगिंग'मध्ये हे सगळं एका चौकोनात कोंबलेलं असतं.

आणि 'वर्णभेद' असं लेबल न लावता प्रसंग विचारायचे. यासाठी डेव्हिड विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी १९९७मध्ये मांडलेली रोजच्या भेदभावाची प्रश्नमाला वाचून काढ. तिची खुबी अशी की प्रश्नांत वंशाचं नावच नाही. इतरांपेक्षा कमी अदबीनं वागवलं जातं का, दुकानात-हॉटेलात सेवा कमी प्रतीची मिळते का, तुम्ही हुशार नाही असं समजून लोक वागतात का, तुमची भीती वाटल्यासारखं वागतात का, असं एकेक विचारत जातात आणि हे कितीदा होतं ते टिपतात. कारण काय वाटतं, हे सगळ्यात शेवटी. ती प्रश्नमाला अमेरिकेतली, जशीच्या तशी उचलू नकोस, पण क्रम उचल. मी त्यात आपल्याकडचे प्रश्न घालते. तुमचं नाव ऑफिसात कुणी बदललं का? मुलांच्या डब्यात भाजीपोळी देणं कधी बंद केलंत का? घर भाड्यानं बघताना फोनवर 'आहे' आणि दारात गेल्यावर 'गेलं' असं झालं का? इथं नऊ जणांतले सात बोलायला लागतील. डब्याच्या प्रश्नावर तर आया रडतात, रुमाल जवळ ठेव.

'कॅनडियन एक्स्पीरियन्स' हाही एक नमुना आहे. पंधरा वर्षं पूल बांधलेला इंजिनियर सांगतो, "माझ्याकडे इथला अनुभव नव्हता ना, त्यामुळे दोन वर्षं सिक्युरिटी गार्ड होतो." तो ते स्वतःची उणीव म्हणून सांगतो. ऑन्टॅरिओच्या मानवाधिकार आयोगानं २०१३मध्येच म्हटलंय की नोकरीसाठी इथलाच अनुभव हवा अशी अट घालणं हा सकृतदर्शनी भेदभाव आहे. माणसाच्या तोंडी 'उणीव' आणि आयोगाच्या कागदावर 'भेदभाव', या फटीत तुझा अख्खा प्रबंध बसेल.

आता जरा अवघड भागाकडे येते. त्या नऊ जणांच्या लिहून काढलेल्या मुलाखती पुन्हा वाच आणि 'ते' हा शब्द शोध. मी पैजेवर सांगते, कुणीतरी म्हटलं असेल, "आपल्याला कुणी काही म्हणत नाही, पण ते जे स्टुडंट आलेत ना, त्यांच्यामुळे नाव खराब झालं." किंवा 'ते पंजाबी', 'ते ब्रॅम्पटनवाले' (टोरोंटोजवळच्या या शहरात पंजाबी वस्ती मोठी आहे). गेल्या काही वर्षांत इथं घरभाडी भडकली, नोकऱ्या आटल्या आणि त्याचा राग भारतीय दिसणाऱ्या सगळ्यांवर निघू लागला. जानेवारी २०२४मध्ये सरकारनं विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली, त्या वर्षासाठी सुमारे ३,६०,०००, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा ३५ टक्के कमी. त्यानंतर मराठी घरांतून हे 'ते' मला फारच ऐकू यायला लागलं. गाडीतून कप फेकणाऱ्याला सांगली आणि लुधियाना यातला फरक कळत नसतो, पण आपल्याला मात्र तो त्याला समजावून सांगायची घाई असते. हा तुझ्या मुलाखतींतला कचरा नाही, विश्लेषणात याला वेगळा कोड, म्हणजे खूणशब्द, दे.

पंजाब्यांचा इथं आणखी एक फरक आहे. त्यांच्याकडे या देशातली जुनी आठवण आहे. १९१४ साली कोमागाता मारू जहाज व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने अडवून ठेवलं, ३७६ प्रवाशांतल्या थोड्यांनाच उतरू दिलं आणि बाकीच्यांना परत धाडलं, ही गोष्ट गुरुद्वारात पोराटोरांना माहीत असते. त्यामुळे आमच्या गटातल्या पंजाबी बायका 'हो, होतं असं' हे पटकन म्हणाल्या. इथं येणारा मराठी माणूस बहुतेक अलीकडचा, शिक्षण-अनुभवाला गुण देणाऱ्या पॉइंट सिस्टीमनं निवडून आलेला, शिकलेला. निवड झालीय म्हणजे हवेसे आहोत, असं त्याला वाटतं. त्याला दुखतं तेव्हा ते कुठल्या गोष्टीत बसवायचं हे त्याच्याजवळ नसतं.

आणि मंडळाची यादी. मंडळाबद्दल मला माया आहे, माझी दोन्ही मुलं तिथल्या गणपतीत नाचून मोठी झाली. पण मंडळाच्या यादीत कोण नसतं ते बघ. वर्गणी परवडत नाही तो, रविवारी ज्याची शिफ्ट असते तो, आणि ज्याला पहिल्याच कार्यक्रमात आडनाव विचारून झाल्यावर गाव, गावानंतर 'म्हणजे तुमच्यात...' असं विचारलं गेलं तो. तो पुन्हा येत नाही. आंबेडकर जयंती वेगळ्या हॉलमध्ये होते, तिथं गेली आहेस का? टोरोंटोच्या शाळा मंडळानं मार्च २०२३मध्ये जातिभेदाचा विषय ठरावानं घेतला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑन्टॅरिओच्या मानवाधिकार आयोगानं जातीवरून होणाऱ्या भेदभावाबद्दलची भूमिका जाहीर केली. मराठी माणसांच्या आपलेपणावर लिहायचं आणि हे वगळायचं, तर परीक्षकांनी सोडलं तरी मी सोडणार नाही.

परवान्याचा रंगही तितकाच पाहा. सरकारी खर्चातले इंग्रजीचे वर्ग आणि बहुतेक सेटलमेंट सेवा पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना असलेले, आणि संरक्षण मिळालेल्या निर्वासितांसाठी आहेत. विद्यार्थी त्यात बसत नाहीत. म्हणजे बेसमेंटमध्ये सहा जण मिळून राहणारा तुझ्याच वयाचा मुलगा सेवांच्या यादीत नाही, मंडळाच्या यादीत नाही, तुझ्या यादीतही नाही.

आता एक चूक सांगते, माझी स्वतःची. पहिल्या काही वर्षांत आम्ही एक अहवाल काढला, सत्तर पानांचा, इंग्रजीत. प्रकाशनाला नगरसेवक आले, समोसे झाले. आत एक उद्धरण होतं आणि त्याखाली मी लिहिलं होतं, 'महाराष्ट्रातून आलेली दंतवैद्य, दोन मुलं, एका वेअरहाऊसमध्ये कामाला.' नाव नव्हतं. पण आमच्या गावात तेव्हा मराठी घरं सगळी मिळून साठ-सत्तर, त्यात दंतवैद्य एक. सुपरवायझरबद्दल तिनं जे सांगितलं होतं ते तिथल्या मॅनेजरच्या टेबलावर पोचलं. तिच्या शिफ्ट कमी झाल्या. नवऱ्याचा मला फोन आला, तो ओरडला नाही, एवढंच म्हणाला, "मॅडम, तुम्हाला घरी जेवायला बोलावलं होतं आम्ही." ती पुन्हा कधी माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून माझा नियम आहे: गाव, व्यवसाय आणि मुलांची संख्या यातली एकच गोष्ट छापायची, आणि छापण्याआधी उद्धरण त्या माणसाला वाचून दाखवायचं, त्याच्या भाषेत, फोनवर का होईना. एथिक्स बोर्ड हे तुला सांगेलच असं नाही. पुष्कळदा नाव काढलं की पुरे वाटतं.

माहिती कुणाच्या मालकीची हा प्रश्न इथल्या मूळनिवासी राष्ट्रांनी आपल्या कितीतरी आधी विचारलाय. पिढ्यान्पिढ्या बाहेरचे येऊन मोजून गेल्यावर त्यांनी १९९८मध्ये मालकी, नियंत्रण, पोच आणि ताबा अशी चार तत्त्वं मांडली. ती त्यांची आहेत, त्यांचं नाव आपल्या कामाला चिकटवू नये, पण वाचावीत. आपणही त्यांच्याच जमिनीवर बस्तान बसवतोय, हे प्रबंधात एखाद्या वाक्यापुरतं नको.

संमतीपत्राबद्दल. सप्टेंबर २०२३मध्ये भारत-कॅनडा संबंध बिघडले, भारतानं काही आठवडे व्हिसा देणंच थांबवलं, तेव्हापासून लोक सहीला घाबरतात. आजारी आईला भेटायला जाता येईल ना, ही धास्ती असते. तोंडी संमती चालेल का, हे बोर्डाला विचार, कारण देऊन मागितलीस तर बहुधा मिळते. रेकॉर्डर नको म्हणाले तर वही काढ, चालतं.

मग तू आता नक्की काय करायचं? मुलाखती थांबव. त्या अकरा जणांना एकदम नको, तिघा-तिघांना पुन्हा भेट, आणि मागच्या वेळचं जे ऐकलं ते त्यांना सांग: तुम्ही सगळे छान म्हणालात, माझं कुठं चुकलं? हा प्रश्न विचारायला धाडस लागतं पण माणसं खुलतात, कारण आता मदत तुला हवी असते. त्यांच्यातून दोघं आणि यादीबाहेरचे तीन-चार, विद्यार्थी धरून, असा पाच-सहा जणांचा गट कर. विषयाची एक ओळ त्यांना लिहू दे. तुझ्या ओळीपेक्षा ती लहान आणि रोखठोक असेल, मार्गदर्शकांना आवडणार नाही. त्यांना फाल्स बोर्दा दाखव.

गटातल्यांना पैसे दे. विद्यापीठाच्या निधीतून मिळतात, मागावे लागतात. पण कुणी विद्यार्थी परवान्यावर असेल आणि तू त्याला सहसंशोधक म्हणून पगारी नेमलंस, तर कॅम्पसबाहेरच्या कामाची आठवड्याला २४ तासांची मर्यादा आहे, ते तास त्यात धरले जाऊ शकतात. नोकरी आणि एकवेळचं मानधन यातला फरक विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाकडून लेखी घे. तुझ्या चार पैशांपायी कुणाचा परवाना अडकायला नको.

तुझ्या शहरात लोकल इमिग्रेशन पार्टनरशिप असणार. २००८पासून ऑन्टॅरिओत केंद्र सरकारच्या पैशावर या सुरू झाल्या, महापालिका, शाळा, रुग्णालयं, पोलिस आणि सेवासंस्था एका टेबलाशी आणायच्या म्हणून. तिथल्या समन्वयकाला आत्ताच भेट, निष्कर्ष हातात आल्यावर नको. गटानं जे काही मागितलं असेल, दिवा असो वा दुभाषी, ते कुणाच्या अखत्यारीत येतं हे त्यांना ठाऊक असतं. शिवाय ते स्वतःचे सर्व्हे काढतात, त्यातले तयार आकडे तुला मिळतील, म्हणजे दोनशे जणांमागं पळायला नको.

प्रश्न बदलले की एथिक्स बोर्डाकडे दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. त्याला घाबरू नकोस, पण लगेच कर, वेळ जातो त्यात. अर्जात एक परिच्छेद असा घाल की विषय सहभागींनी ठरवला आहे आणि म्हणून तो पुन्हाही बदलू शकतो. तो लिहून झाला की मला पाठव, मी आमच्या जुन्या अर्जाशी ताडून बघते. आणि भेटीची वेळ शनिवारी सकाळी ठेवू नकोस. शुक्रवारची रात्रपाळी संपवून ती माणसं तेव्हा नुकतीच आडवी झालेली असतात.